जुन्या पुस्तकाची किंमत कोण करणार?

मराठी पुस्तकाच्या आत ‘मूल्य’ असा शब्द छापतात आणि त्याच्यापुढे रुपये लिहितात. त्याच मराठीत समीक्षक मंडळी ‘साहित्याचं मूल्य’ म्हणतात तेव्हा पुढे रुपये नसतात. एकाच शब्दावर दोन्ही कामं भागवायची, ही पांढरपेशा मराठीची सोय आहे. आमच्या वस्तीत हा शब्द कोणी बोलत नाही. आमच्याकडे त्याच्या जागी चार शब्द आहेत. कापसाला भाव असतो. बैलाची किंमत होते. कष्टाचं मोल मिळतं, बहुतेकदा मिळत नाही. आणि माणसाची लायकी काढतात. जुनं पुस्तक हातात आलं की हे चारही शब्द एकदम पुढे येतात आणि कोणता लावायचा ते कळत नाही.

प्रश्न असा आहे. जुन्या, दुर्मिळ पुस्तकाची किंमत काय, ती कोणी ठरवायची आणि कळल्यावर आपण काय करायचं? हा शहरातल्या संग्राहकांचा फावल्या वेळचा छंद आहे असं कोणाला वाटेल. तसं नाही. हा प्रश्न आमच्याकडे फुलसावंगीत येऊन बसला, आणि एका पोरीच्या शिक्षणाला चिकटून बसला. म्हणून लिहितो आहे.

फुलसावंगी यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यात. मुलूख कापसाचा. आमच्या विहारात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात पंचशीलाचे जुने झेंडे, जयंतीच्या वर्गणीच्या वह्या आणि त्यांच्याखाली दोन चिजा. एक, चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी लिहिलेल्या आंबेडकर-चरित्राचा पहिला खंड, १९५२ सालचा. दुसरी, हातानं लिहिलेली जलशाची वही. १९५६ च्या ऑक्टोबरात दीक्षेला नागपूरला गेलेल्या माणसांनी ते चरित्र वर्गणी करून आणलं, असं जुनी माणसं सांगतात. वस्तीत धड वाचता येणारा तेव्हा एकच होता. तो कंदिलाजवळ बसून वाचायचा आणि दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून आलेले सालदार, मजूर, बाया ऐकायच्या. जिथे वाचन थांबलं तिथे पेन्सिलीची खूण. समासात त्या रात्री आलेल्यांची नावं. एका पानावर हळदीचं बोट उमटलं आहे. एका पानाच्या कडेला फक्त ‘पाऊस आला’ एवढंच लिहिलं आहे. म्हणजे त्या रात्री तिथेच बंद केलं असणार.

मागे एक गृहस्थ मोठ्या शहरातून आले. जुनी पुस्तकं विकत घेणं हा त्यांचा धंदा. माणूस वागायला सभ्य, आम्हाला फसवायला आला होता असं मी म्हणणार नाही. त्यांनी खंड हातात घेतला, मुखपृष्ठ पाहिलं, आतलं पान उलटून साल पाहिलं, पानं मोजली, शिवण पाहिली, वास घेतला. मग म्हणाले, ‘‘पहिल्या आवृत्तीची प्रत आहे. पूर्ण आहे. पण खुणा फार आहेत हो. कोरी असती तर गोष्ट वेगळी होती. पाच हजार देतो.’’ वही त्यांनी चाळली आणि बाजूला ठेवली. म्हणाले, ‘‘हिला गिऱ्हाईक नाही.’’

आता या पारखीकडे नीट बघा. ती खोटी नाही. जुन्या पुस्तकाची किंमत अशीच निघते. पहिली गोष्ट आवृत्ती : कोणत्या साली, कोणत्या छापखान्यात छापलं, पहिल्यांदा की पुन्हा. दुसरी, प्रत पुरी आहे की पानं, फोटो, नकाशे गळाले आहेत. तिसरी, हालत : वाळवी, कसर, ओल, मूळ मुखपृष्ठ आहे की फाडून नवीन बांधणी केली. चौथी, जगात अशा किती प्रती उरल्या. त्यासाठी ग्रंथालयांच्या याद्या बघतात. १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ बघतात. पाचवी, मागे अशी प्रत केवढ्याला गेली. इथे एक फरक ध्यानात ठेवायचा. विकणाऱ्यानं मागितलेली किंमत वेगळी आणि घेणाऱ्यानं खरोखर मोजलेली किंमत वेगळी. मागणाऱ्याचं तोंड कोणी धरलेलं नसतं. त्यातही व्यापारी आपल्याला देतो ती रक्कम त्याच्या विक्रीच्या रकमेहून बरीच कमी असते, कारण त्याचा पैसा वर्षं वर्षं अडकून पडतो. इथपर्यंत सगळं हिशेबाचं आहे. आणि हिशेब आपल्याला कळलाच पाहिजे.

आमच्यात एक भाबडेपणा आहे. ‘बाबासाहेबांच्या पुस्तकाची कसली किंमत करता?’ असं म्हटलं की टाळ्या पडतात. मला हे पटत नाही. भाव माहीत नसणं हा काही आपला मोठेपणा नव्हे. भाव माहीत नव्हता म्हणूनच आपण पिढ्यान्पिढ्या लुटले गेलो. कापूस पिकवणाऱ्याला विचारा. वर्षभर तो राबतो आणि शेवटी ग्रेडर गाडीत हात खुपसतो, मूठभर सरकी-कापूस बाहेर काढतो आणि ग्रेड सांगतो. ज्यानं पिकवलं तो बाजूला उभा. १९७२ साली एकाधिकार खरेदी आली तेव्हा व्यापाऱ्याच्या जागी सरकार आलं, पण गाडीत हात घालणारा कोणी दुसराच राहिला. पुस्तकाचंही तेच होतं. मालकाला माल कळत नसेल तर बाहेरच्याचा हात हाच तराजू. म्हणून आधी आपली पारख आपण शिकायची. विकायचं की नाही हा नंतरचा प्रश्न.

पण पारख शिकताना तिच्यात लपलेला कायदाही वाचायचा. त्या गृहस्थांनी ‘खुणा फार’ म्हणून किंमत खाली आणली. हा नियम त्यांनी काढलेला नाही; जुन्या पुस्तकांचा धंदा सगळीकडे याच नियमावर चालतो. समासातला हात ओळखीच्या, प्रसिद्ध माणसाचा असेल तर किंमत चढते. अनोळखी हात असेल तर उतरते. समजा, याच खंडात बाबासाहेबांनी निळ्या पेन्सिलीनं चार रेघा ओढल्या असत्या, तर पाच हजारांवर किती शून्यं चढली असती? आणि त्यांच्यामुळे माणूस झालेल्या सालदाराची रेघ? ती डाग. पुस्तक खराब करणारी. हाताला हात, पेन्सिलीला पेन्सिल, पण एक हात किंमत वाढवतो आणि दुसरा घटवतो. मित्रहो, ही भाषा आपल्या ओळखीची आहे. शिवण्यानं वस्तू बाटते ही जुनी गोष्ट बाजारानं किती सभ्य शब्दांत सांगितली पाहा!

हा नियम अढळही नाही. लोक कसे वाचत होते, कोण कोणाला वाचून दाखवत होतं, याचा इतिहास लिहिणारे अभ्यासक आता नेमक्या अशाच खुणा शोधत असतात. त्यांच्या लेखी कोरी प्रत मुकी असते. तेव्हा आज डाग म्हणून कापलेले पैसे उद्या दस्तऐवज म्हणून कोणी तरी वसूल करेल. ते कोण वसूल करेल, हाच प्रश्न आहे.

यावरून दुसऱ्या शब्दाकडे येतो. ‘दुर्मिळ’. पुस्तक जन्मतः दुर्मिळ नसतं. त्याला दुर्मिळ केलं जातं. आमच्याच वऱ्हाडातलं उदाहरण घ्या. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ते छापलं गेलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे. बाईच्या जातीनं पुरुषाच्या जातीला उलट जाब विचारलेला, तेव्हा झोड उठली. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. नंतर पुस्तक दिसेनासं झालं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापलं तेव्हा महाराष्ट्राला कळलं की असं काही लिहिलं गेलं होतं. मधली नव्वद वर्षं त्या नऊ आण्यांच्या पुस्तकाची किंमत काय होती? शून्य. कोणी मागत नव्हतं, म्हणून कोणी जपत नव्हतं. कोणी जपलं नाही म्हणून प्रती गेल्या. प्रती गेल्या म्हणून ते दुर्मिळ झालं. आणि दुर्मिळ झालं म्हणून आज त्या आवृत्तीची प्रत कोणाच्या हाती लागली तर तिला किंमत येईल. साखळी अशी आहे.

फुल्यांचं स्वतःचंच नाटक बघा. ‘तृतीय रत्न’ १८५५ साली लिहून त्यांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे धाडलं. पुस्तकांची किंमत ठरवणारी ती त्या काळची पंचायत. तिनं ते नाकारलं. नाटक छापून लोकांसमोर आलं ते १९७९ साली. सव्वाशे वर्षं एका ‘नाही’खाली दबून पडलं. म्हणून मी म्हणतो, आपल्या जुन्या पुस्तकाला आज मिळणारा चढा भाव म्हणजे कालच्या तुच्छतेवर साचलेलं व्याज आहे. आणि व्याज नेहमीप्रमाणे तिसराच खातो. ज्यांनी पेटीत जपलं त्यांना ‘खुणा फार’ ऐकावं लागतं.

किंमत लावण्याचे आणखी मासले बाबासाहेबांच्या आयुष्यात सापडतात. न्यूयॉर्कला शिकत असताना जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे २००० पुस्तकं घेतली असं धनंजय कीर लिहितात. त्यातली सगळी त्यांच्यापर्यंत पोचलीच नाहीत. १९१७ साली लंडनहून परत येताना त्यांचं सामान ज्या बोटीवर होतं ती टॉर्पेडोनं बुडाली. थॉमस कुक कंपनीनं भरपाई दिली : ६०० रुपये. कंपनीच्या वहीत हिशेब चुकता. त्या पैशांवर त्यांना बडोद्याला नोकरीवर जाता आलं, म्हणजे पैसा कामाचा नव्हता असं नाही. पण बुडालं ते ६०० रुपयांचंच होतं का? भरपाई हा वस्तूचा भाव असतो. ती वस्तू मिळवताना ज्याने पोटाला चिमटा घेतला त्याचा भाव त्यात धरलेला नसतो.

दुसरा मासला १९३६ चा. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं भाषणाला बोलावलं आणि भाषण वाचून पाय मागे घेतले. बाबासाहेबांनी ते स्वखर्चानं छापलं. १५०० प्रती, किंमत आठ आणे. ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ ते हेच. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलं, सुधारकांनी ते वाचलंच पाहिजे असंही म्हटलं, आणि किंमत कमी करावी अशी सूचना केली : दोन आणे, नाही तर निदान चार. हेतू चांगला असेल. स्वस्त असेल तर जास्त लोक वाचतील हे खरंच आहे. पण आठ आण्याला ठेवलेल्या त्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. वाचणाऱ्यानं भाव करत बसण्याआधी पुस्तक उचललं. किंमत कमी करा असं सांगायला बाहेरचा माणूस लागतो. मोल कळायला वाचणारा पुरतो.

तिसरा मासला सगळ्यात जड. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ इंग्रजीत छापायचं होतं. खर्च सुमारे वीस हजार. १४ सप्टेंबर १९५६ ला, दीक्षेच्या बरोबर एक महिना आधी, बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं की बुद्धजयंतीच्या निमित्तानं सरकारनं ग्रंथालयांसाठी आणि येणाऱ्या विद्वानांसाठी ५०० प्रती घ्याव्यात. उत्तर आलं की त्यासाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, पुस्तक जयंतीच्या वेळी विक्रीला ठेवावं. ग्रंथ निघाला १९५७ साली. लिहिणारा तोवर गेला होता. ज्या ग्रंथाच्या ५०० प्रती सरकारला परवडल्या नाहीत, त्या ग्रंथाची पहिली आवृत्ती आज कोणी विकायला काढली तर घेणाऱ्यांची रांग लागेल. मग नवल वाटतं. नवल कशाचं? गरज होती तेव्हा भाव नव्हता. आता भाव आहे.

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग जुनं ते सगळं सोनं समजून पूजा करू. तेही नाही. जुनेपण म्हणजे पुण्य नव्हे. विल्यम जोन्सनं केलेलं मनुस्मृतीचं इंग्रजी भाषांतर १७९४ साली कलकत्त्याला छापलं गेलं. तीही आज जुन्या पुस्तकांच्या बाजारात मोठ्या किमतीची वस्तू आहे. आपण त्याच ग्रंथाची किंमत २५ डिसेंबर १९२७ ला महाडला केली. ती जाळून केली. पण हेही विसरू नका की बाबासाहेबांनी जाळली ती त्या ग्रंथाची सत्ता. मजकूर त्यांनी वाचायचा सोडला नाही. ‘शूद्र पूर्वी कोण होते’ या १९४६ च्या ग्रंथात ते स्मृतींचेच दाखले काढून उत्तर देतात. पुस्तकाची लायकी त्याच्या वयावर ठरत नाही आणि बाजारभावावरही ठरत नाही. ते वाचून माणूस ताठ झाला की वाकला, यावर ठरते.

आता विहारातल्या बैठकीकडे येतो. वस्तीतल्या एका शेतमजूर बाईच्या पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. फीचा पहिला हप्ता भरायला पैसे कमी पडत होते, नेमके पाच हजारांच्या आसपास. नेमक्या त्याच आठवड्यात तो भाव लागलेला. कोणी तरी जोडून बोललं आणि विहारात माणसं जमली.

एक तरुण पोरगा तापून उठला, ‘‘बाबासाहेबाचं पुस्तक इकाचं नाई. इकलं तं आपलं काय रायलं?’’ टाळ्या. एक शेतकरी म्हणाला, ‘‘अरे पयले भाव तं इचारा! कपाशीचा भाव इचारल्याबिगर गाडी खाली करतो काय आपून?’’ त्यावर कोणी तरी मला म्हणालं, ‘‘गुर्जी, तुमी सांगा.’’ मी सांगायच्या आत मागच्या रांगेतून एक आजी बोलली. तिला वाचता येत नाही. लहान असताना त्याच कंदिलापुढे बसून तिनं ते पुस्तक ऐकलेलं. ती म्हणाली, ‘‘पुस्तक पेटीत ठेवसान अन् पोरगी घरी बसवसान, तं मंग त्या पुस्तकातलं काय वाचलं तुमी?’’

सभा गप्प झाली. मलाही त्याच्यावर बोलायला काही नव्हतं, कारण साऱ्या प्रश्नाचा गाभा तिनं उघडा केला होता. ज्या माणसाचं ते चरित्र, त्यानं आयुष्यभर सांगितलं काय? शिका. मग पोरीचं शिकणं अडवून जपलेलं पुस्तक हे कोणतं पुस्तक? ती मूर्ती झाली. आणि मूर्तीला हार घालायला वाचता यावं लागत नाही. त्या तरुण पोराला मी विचारलं, तू हे पुस्तक वाचलंस का? तो खाली बघत म्हणाला, ‘‘पेटीले कुलूप रायते ना गुर्जी.’’ कुलूप आम्हीच लावलेलं. एका जमान्यात आपल्याला ग्रंथापासून दूर ठेवायला दुसरे लागत होते. आता आपणच आपल्या पोरांना दूर ठेवतो आणि त्याला आदर म्हणतो.

फीचे पैसे शेवटी वर्गणीतून उभे राहिले. पोरगी गेली. पुस्तक राहिलं. पण म्हणून पुस्तक वाचलं हे बरं झालं, एवढंच म्हणून मला सुटायचं नाही. मी स्पष्ट लिहितो : वर्गणी जमली नसती तर तो खंड विकणंच बरोबर ठरलं असतं. विकण्यात पाप नाही. कागद विकता येतो. प्रत ही वस्तू आहे आणि वस्तूपेक्षा जिवंत माणूस मोठा, हे तर त्याच पुस्तकातून शिकलो. मात्र दोन गोष्टी विकता येत नाहीत. एक, मजकूर वाचण्याचा वस्तीचा हक्क. आणि दोन, त्या समासातली नावं. ती माणसं कोणाची मालमत्ता नाहीत. प्रत गेली तरी त्यांचं वाचन आपल्याकडे उरलं पाहिजे. पानंपानं आधी उतरवून घेतली पाहिजेत, हळदीच्या बोटासकट, ‘पाऊस आला’सकट.

आणि इथेच ती दुसरी चीज पुढे येते. जलशाची वही. ‘हिला गिऱ्हाईक नाही’ म्हणून बाजूला ठेवलेली. खैरमोड्यांच्या खंडाच्या प्रती इतरत्र असतील, ग्रंथालयांत असतील. पुढच्या आवृत्त्याही निघाल्या. ही वही जगात एक आहे. दुर्मिळ या शब्दाचा अर्थ जर ‘कमी’ असा असेल तर हिच्याहून दुर्मिळ काय? तरीही भाव शून्य. म्हणजे बाजार दुर्मिळपणाला पैसे देत नाही. आधीच कोणाला तरी हवं असलेलं जे दुर्मिळ असेल त्यालाच देतो. त्या वहीत सवाल-जवाब आहेत, विहिरीच्या पाण्यावरची गाणी आहेत, कोणी कोणत्या चालीवर म्हणायचं त्याच्या खुणा आहेत. लिहिणाऱ्यानं आपलं नाव कुठेच लिहिलेलं नाही. ज्याचं नाव नाही त्याची वही, आणि नाव नाही म्हणून किंमत नाही. कायद्याच्या भाषेत मात्र गोष्ट थोडी वेगळी आहे. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यात, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन महत्त्वाचं हस्तलिखित ७५ वर्षांचं झालं की ते पुरावशेषात मोडतं आणि परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. सालदारानं लिहिलेली वही यात येत नाही असं कायदा कुठेही म्हणत नाही. पण तिचं महत्त्व आहे हे आधी कोणी तरी म्हणायला हवं. ते म्हणणारा बाहेरून येईल याची वाट बघत बसायचं का?

जी पानं आपण स्वतः काढली त्यांचंही असंच झालं. स्टेन्सिल कापून, शाईत हात काळे करून, शे-दोनशे प्रती काढून वाटलेले अंक. बहुतेक ग्रंथालयांनी त्यांची नोंद ठेवली नाही, रद्दीवाल्यानं किलोनं नेले. आता संशोधक त्यांच्या मागावर असतात. आणि छापील पुस्तकाचीही हमी नाही. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड महाराष्ट्र सरकारनं १९७९ पासून काढले, किंमत गरिबाच्या आवाक्यातली. तरी २०२१ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, की हे खंड छापून लोकांपर्यंत का पोचत नाहीत? दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलपुढे दाटी होते, पोटाला पुरेसं नसलेला माणूस पिशवी भरून पुस्तकं नेतो, आणि पुस्तक मात्र मिळत नाही! ज्याला लाखो वाचणारे आहेत ते पुस्तक जर दुर्मिळ होत असेल, तर तो दुर्मिळपणा कोणी तरी केलेला आहे. अशा दुर्मिळपणाची किंमत वाढली म्हणून आपण खूश व्हायचं कारण नाही. आपल्या पुस्तकाचा भाव पडावा, इतकं ते गल्लोगल्ली मिळावं, हीच आपली मागणी असली पाहिजे.

तर मग पुस्तकाची किंमत कोण करणार? माझं उत्तर असं. भाव व्यापाऱ्यानं सांगावा. तो तीन ठिकाणी विचारून घ्यावा, आणि मागितलेल्या भावावर नाही तर मिळालेल्या भावावर विश्वास ठेवावा. पण मोल आपण करायचं, आणि ते करताना तीनच गोष्टी विचारायच्या. हे कोणी वाचलं? आता कोण वाचतं? हे गेलं तर आपल्याला पुन्हा वाचायला मिळेल का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर कितीही भाव येवो, हात आखडायचा. उत्तर ‘हो’ असेल आणि समोर पोरीची फी असेल, तर पुस्तक खुशाल द्यायचं आणि मान वर करून द्यायचं.

आमच्या पेटीचं कुलूप आता काढलं आहे. दर रविवारी एक पान वाचलं जातं, वाचणारे नववी-दहावीतले. वहीची पानं दोघी मुली मोबाइलवर उतरवून घेत आहेत आणि आजीला विचारून चालींची नावं लिहीत आहेत. हे सगळ्या गावांत होऊ शकतं. तुमच्या विहारात, तुमच्या माळ्यावर, धान्याच्या कोठीमागे जी पेटी असेल ती उघडा. काय आहे ते एका कागदावर लिहा : नाव, साल, छापखाना, पानं किती, कोणी आणलं, समासात कोणाचा हात आहे. बिननावाचा हात असेल तर तो आधी लिहा. जुनी माणसं आहेत तोवर विचारून घ्या, कारण तो हात कोणाचा हे फक्त त्यांनाच ओळखता येतं, आणि ती माणसं दर साली कमी होत आहेत.